लेन्ससाठी पोस्टातली ठेव मोडू का?

काका, गुहागरहून तुम्ही पाठवलेला हिशोब वाचला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी लेन्स घातली तर एका डोळ्याचे २८,००० रुपये, जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकलचे ७५,०००. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दीड वर्षापूर्वी ठेवलेले दहा लाख मोडून मल्टिफोकल घ्यावी का, असं विचारलंत.

मोडू नका. या खात्यातून हवे तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन पुरी नाहीत, म्हणून मुद्दलातून दीड टक्का कापतील. दोन डोळ्यांचे दीड लाख हातात यायला पंधरा हजारांचा भुर्दंड! उरलेले पैसे पुन्हा गुंतवाल, पण दर तेव्हाचा मिळेल. आज तुमचा ८.२ टक्के पक्का आहे.

आणि पैसे घरात पडून असते तरी मी आधी विचारलं असतं, हंगामात रात्री पिकअप कोण चालवतं? तुम्हीच लिहिलंय, आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला स्वतः जाता. मल्टिफोकल लेन्स प्रकाश जवळच्या आणि लांबच्या नजरेत वाटून देते. चष्मा बराचसा सुटतो, पण काहींना रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, कमी उजेडात स्पष्टपणाही घटतो. मुंबई-गोवा महामार्गावर हे परवडणारं नाही. त्यात तुम्हाला मधुमेह. त्याने डोळ्याचा पडदा बिघडला असेल तर ही लेन्स सहसा टाळतात, तेव्हा पडदा आधी तपासून घ्या. लांबच्या नजरेची मोनोफोकल घ्या, पेपर वाचायला चष्मा लावा. सिलिंडरचा नंबर बराच असेल आणि डॉक्टरांनी तो भरून काढणारी टॉरिक लेन्स सुचवली, तर तिथे जास्तीचे पैसे जरूर घाला.

आता विमा. तुमची तीन लाखांची आरोग्य संजीवनी पॉलिसी १४ महिन्यांची आहे. तिच्यात मोतीबिंदूला २४ महिने थांबावं लागतं. पुढे एका डोळ्याला ४०,००० पर्यंत मिळतात, मंजूर रकमेतले पाच टक्के आपले. म्हणून गणपती झाले की उजवा डोळा स्वतःच्या बचतीतून करा, मोहोराच्या फवारणीआधी. डावा पुढच्या जुलैत, आंबा उरकल्यावर, विम्यातून; २८,००० पैकी २६,६०० सुटतील. एवढं थांबणं आणि मधल्या काळात दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक झेपेल का, हे डॉक्टरच सांगतील. ते नको म्हणाले तर विम्यासाठी अडून बसू नका. मोतीबिंदू फार पिकला की शस्त्रक्रिया अवघड होते.

एक मात्र बघा. पॉलिसी घेण्याआधीच्या एखाद्या कागदावर मोतीबिंदूची नोंद असेल तर आधीच्या आजारासाठी थांबण्याची लांब मुदत लागू होईल. तसं असेल तर लपवू नका, थेट कंपनीला लेखी विचारा. आणि डाव्या डोळ्याच्या वेळी लेन्सचा स्टिकर बिलासोबत मागून घ्या, दाव्याला तो लागतो.