कांद्यात डबल हॅप्लॉइड रोपे कशी तयार करतात आणि त्यातली खरी अडचण कोठे असते?

आपण विचारले आहे की भातात आणि बार्लीत परागकोशापासून डबल हॅप्लॉइड रोपे (गुणसूत्रांचा एकच संच असलेले रोप वाढवून तो संच दुप्पट केल्यावर मिळणारी पूर्ण शुद्ध रोपे) मिळतात, तर कांद्यात तो मार्ग का वापरत नाहीत. प्रयत्न झालेले आहेत, पण कांद्याच्या परागकणांनी पोषक माध्यमावरील संवर्धनात दाद दिलेली नाही. म्हणून येथे मादीकडून जावे लागते. फलन न झालेल्या बीजांडातून भ्रूण वाढवला जातो, आणि 1990 च्या सुमारापासून कांद्यात हीच पद्धत रुळली आहे.

हा खटाटोप करण्याचे कारण कांद्याच्या जीवनक्रमात आहे. बियापासून कांदा आणि कांद्यापासून पुन्हा बी, अशी एक पिढी साधारणतः दोन वर्षे घेते. शिवाय पीक परपरागीभवनाचे असल्यामुळे स्वपरागीभवनाच्या दोन-तीन पिढ्यांतच वाणाचा जोम उतरतो, आणि पैदासकार पूर्ण शुद्धतेच्या बरेच अलीकडे थांबतात. डबल हॅप्लॉइड पद्धतीत आठ गुणसूत्रांचे रोप मिळवून ती दुप्पट केली की सोळा गुणसूत्रांचे, सर्व जनुकांबाबत शुद्ध रोप एका टप्प्यात हाती येते. (कांद्याचा जीनोम 2021 मध्ये प्रथम जुळवला गेला, तोही अशाच एका वाणावरून.)

प्रत्यक्ष कामात फुलांच्या गोंड्यातून 3 ते 5 मिलिमीटर लांबीच्या, उमलायला तीन ते पाच दिवस बाकी असलेल्या कळ्या घेतात. एका गोंड्यातली शेकडो फुले एकदम उमलत नाहीत, त्यामुळे त्याच गोंड्यातून योग्य वयाच्या कळ्या अनेक दिवस मिळत राहतात. बीजांडे सोडवून काढण्याचे किचकट काम टाळून निर्जंतुक केलेली अख्खी कळीच माध्यमावर ठेवावी, असे माझे मत आहे. माध्यमात लिटरला 100 ग्रॅम साखर आणि 2,4-डी व बीएपी ही वाढसंप्रेरके प्रत्येकी 2 मिलिग्रॅम, हे प्रमाण बरेच वापरले जाते. पाकळ्या सुकतात, अंडाशय फुगतो, आणि दोन ते सहा महिन्यांत एखाद्या अंडाशयाची भिंत फाटून कोवळे रोप डोके बाहेर काढते. एका अंडाशयात सहा बीजांडे असतात. बहुतेकांतून काहीच येत नाही.

किती येईल हे माध्यमापेक्षा दाता झाडावर अवलंबून असते. काही वाणांत शंभर कळ्यांमागे एकही भ्रूण मिळत नाही, तर काहींत वीसहून अधिक मिळतात. म्हणून एकाच वाणावर माध्यमे बदलत बसण्याऐवजी आधी अनेक झाडांच्या थोड्या थोड्या कळ्या लावून पाहाव्यात.

मिळालेली बहुतेक रोपे एकगुणित (एकाच गुणसूत्रसंचाची) असतात आणि आपोआप दुप्पट होणारी फारच थोडी. येथे खरी अडचण सुरू होते, कारण कांद्याचा वाढबिंदू पानांच्या आवरणात खोल दडलेला असतो आणि गुणसूत्रे दुप्पट करणारे औषध तेथवर पोहोचत नाही. रोप लहान असतानाच प्रयोगशाळेत ते बुडाच्या चकतीसह उभे चिरून कोल्चिसिन, ओरायझॅलिन किंवा अमिप्रोफॉस-मिथाइल देतात. यांतले शेवटचे तुलनेने कमी विषारी असल्यामुळे मी तेच निवडेन. पुष्कळ रोपे संमिश्र (काही पेशी दुप्पट, काही एकगुणित) निघतात, त्यामुळे पेशीतील डीएनएचे प्रमाण मोजणारी फ्लो सायटोमेट्रीची तपासणी नव्या पानांवर पुन्हा करावी. आपोआप द्विगुणित निघालेले रोप मातृझाडाच्या कायिक पेशीतून आलेले असू शकते. दात्यात विषम (दोन वेगळ्या रूपांत) असलेल्या डीएनए मार्करवर, म्हणजे ओळखखुणांवर, त्याची खात्री करून घ्यावी.

यानंतरही रोपे मातीत जगणे, कांदा धरणे, थंडी मिळून दांडा येणे आणि बी बसणे बाकी असते. एरवी झाकून राहणारी घातक अप्रभावी जनुके येथे एकदम उघडी पडतात आणि पुष्कळ वाण गळतात. त्यामुळे प्रकल्पाचे यश भ्रूणांच्या संख्येवर मोजू नये; स्वतःचे बी देणारे वाण मोजावेत.

संकरित वाणासाठी नरवंध्यतेचा मेंटेनर (नरवंध्य झाडाला पराग देऊन त्याची संतती नरवंध्यच ठेवणारा वाण) हवा असेल, तर सामान्य पेशीद्रव्याचे आणि वंध्यता-जनुकाबाबत विषम असलेले झाड दाता म्हणून घ्या. स्वपरागीभवनात चौथाई संततीच इच्छित जनुकप्रकाराची (वंध्यता-जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली) निघते, येथे ती निम्मी अपेक्षित असते. नरवंध्य झाडाच्या कळ्यांतूनही भ्रूण मिळू शकतात, परंतु त्यांपासूनचे वाणही नरवंध्यच राहतात आणि त्यांचे स्वतःचे बी धरता येत नाही.