सत्य बहुमताने ठरते का?

प्रश्न : शोध घेणाऱ्या सर्वांचे अखेरीस ज्यावर एकमत व्हायचे आहे ते मत म्हणजे सत्य, असे अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स म्हणतात. मग सत्य बहुमताच्या हाती गेले नाही का? बहुमत तर वक्तृत्वाने वळवता येते. – एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मात्र पर्स यांनी १८७७ च्या निबंधात मत पक्के करण्याच्या ज्या चार रीती सांगितल्या, त्यांत सत्तेने मत लादणे ही विज्ञानाहून अगदी वेगळी रीत आहे. लादलेले एकमत शतकानुशतके टिकले, तरी इतर देशांत आणि इतर काळांत लोक निराळे मानत आले, हे कधी ना कधी कोणाच्या तरी ध्यानात येतेच. पर्स यांना अभिप्रेत असलेल्या शोधकांच्या समुदायात अजून न जन्मलेले शोधकही येतात, त्यामुळे तेथे हात वर करून मोजणी करताच येत नाही.

वक्तृत्वाचे काय, हे त्यांच्या रोजच्या कामात अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात ते लंबक झुलवून गुरुत्वाकर्षण मोजत. लंबकाबरोबर त्याचा आधारही केसभर हलतो, त्यामुळे झोक्याला वेळ जास्त लागतो आणि गुरुत्वाकर्षण आहे त्याहून कमी भरते, हे त्यांच्या लक्षात आले. युरोपातील जाणकारही तशाच उपकरणाने मोजमापे घेत होते. १८७७ साली जर्मनीतील स्टुटगार्टच्या भूमापन परिषदेत पर्स यांनी हा दोष मांडला. तेथे भाषा फुलवून काहीच साधणार नव्हते. आधार किती हलतो आणि त्यापायी किती दुरुस्ती करावी लागते, हे इतरांना आपापल्या जागी ताडून पाहता येईल अशा रीतीने सांगावे लागणार होते. तर्कशास्त्राच्या तीन शाखांपैकी एकीला पर्स वक्तृत्वाचे नाव देतात, ते मला या अर्थाने पटते : आपली चूक दुसऱ्याला सापडेल इतके उघडे मांडणे, हा शोधाचाच भाग आहे.

शोधासाठी बोलणे आणि जिंकण्यासाठी बोलणे यांतला भेद आपल्याकडे न्यायसूत्रांनी, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या मूळ ग्रंथाने, फार पूर्वीच नेमका केला आहे. तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी छलाचाही, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवण्याचाही, आधार घेतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष सिद्ध न करता केवळ समोरच्याचे खंडन करते ती वितंडा. ‘वितंडवाद’ हा शब्द आपण आजही वापरतो, पण ‘वाद’ या शब्दाला मात्र भांडणाची कळा आली, याची मला खंत वाटते. वाद गुरू, शिष्य, सहाध्यायी अशा असूया नसलेल्यांशी करावा, असे सूत्रकार सांगतात. जल्प आणि वितंडा यांना ते कोवळ्या रोपाभोवती घातलेल्या काटेरी फांद्यांइतकीच जागा देतात. एक फरक मात्र उरतो. सूत्रांतील वादाचे वर्तुळ ओळखीच्यांचे आहे, तर पर्स यांचे वर्तुळ अनोळखी माणसालाही, त्याने तपासणीची तयारी दाखवली की, आत घेते.