तुमचे प्रश्न : बायोसचा टायमर आणि अडलेलं लिनक्स

(उत्तरांतल्या कमांड आणि पॅरामीटर टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरावीत.)

प्रश्न : एनव्हिडिया चिपसेटचा जुना डेस्कटॉप आहे. लिनक्स सुरू करताना 'एमपी-बायोस बग : 8254 टायमर नॉट कनेक्टेड टू आयओ-एपिक' अशी ओळ येते आणि थोड्याच ओळींनंतर कर्नल पॅनिक, म्हणजे सगळं ठप्प. त्याच मशीनवर विंडोज नीट चालतं. बोर्ड गेला का?

उत्तर : बोर्ड शाबूत आहे, बायोसने (बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरने) दिलेली माहिती चुकीची आहे. 8254 हा सेकंदाला 11,93,182 ठोके मोजणारा जुना टायमर. त्याचा इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेली हाक), म्हणजे आयआरक्यू 0, आयओ-एपिक या हाका वाटून देणाऱ्या भागाच्या कोणत्या पिनला जोडलाय हे बायोस एसीपीआयच्या (हार्डवेअरची माहिती देण्याच्या पद्धतीच्या) एमएडीटी तक्त्यातून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतं. बहुतेक बोर्डांवर ती पिन 2 असते. तक्त्यात 2 लिहिलंय आणि जोडणी प्रत्यक्षात 0 ला आहे, असं असेल तर कर्नल पिन 2 वर वाट बघत राहतं आणि ठोका काही येत नाही.

तरी कर्नल लगेच हार मानत नाही. आधी 8259ए या जुन्या इंटरप्ट कंट्रोलरमार्फत, मग 'व्हर्च्युअल वायर' म्हणून, शेवटी 'एक्सटिंट' म्हणून टायमर चालतो का हे ते पाहतं आणि प्रत्येक प्रयत्नापुढे 'वर्क्स' किंवा 'फेल्ड' लिहितं. सगळीकडे 'फेल्ड' आलं तरच पॅनिक. त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा; निदान तिथेच असतं.

सगळ्यात आधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर नवं बायोस आहे का ते बघा. मूळ दुखणं तिथलं आहे, म्हणून खरा इलाजही तोच. नवं बायोस नसेल तर ग्रबच्या (बूट होताना सिस्टिम निवडायच्या प्रोग्रामच्या) मेनूत हवी ती नोंद निवडून 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'एसीपीआय_स्किप_टायमर_ओव्हरराइड' लिहा आणि एफ10 दाबा. हा पॅरामीटर एनफोर्स2 या एनव्हिडिया चिपसेटच्या सदोष बायोससाठीच आहे : पिन 2 बद्दलची ती नोंद तो दुर्लक्षित करतो. एनफोर्स5 च्या काही बोर्डांना नेमकं उलट, 'एसीपीआय_यूज_टायमर_ओव्हरराइड' लागतं. म्हणून चिपसेट कोणता ते आधी पक्कं करा.

दोन्हींनी भागलं नाही तरच 'नोएपिक'. पॅनिकच्या संदेशात तोच सल्ला असल्यामुळे लोक तिथूनच सुरुवात करतात, पण त्याची किंमत मोजावी लागते : आयओ-एपिक बंद झालं की सगळी उपकरणं 8259 च्या मोजक्या 16 आयआरक्यूंवर दाटीवाटीने बसतात. 'नोलॅपिक' त्याहून वाईट, कारण प्रोसेसरचा एकच कोअर उरतो. 'एसीपीआय=ऑफ' तर कायमचं ठेवूच नका.

ग्रबमधला हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो. मशीन सुरू झालं की '/प्रोक/इंटरप्ट्स' ही फाइल वाचा. 0 च्या ओळीत 'आयओ-एपिक' दिसलं तर काम फत्ते. 'एक्सटी-पिक' दिसलं तर टायमर अजून जुन्याच वाटेने येतोय. नीट चालल्याची खात्री पटली की तो पॅरामीटर '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मधल्या 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' या मोठ्या अक्षरांतल्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत घाला आणि उबुंटू किंवा डेबियनवर 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा.

हाच पॅनिक अलीकडच्या इंटेल बोर्डावर आला तर कारण वेगळं असू शकतं. तिथे वीज वाचवायला फर्मवेअर 8254 चा क्लॉकच बंद ठेवतं. बायोसमध्ये '8254 क्लॉक गेटिंग' हा पर्याय असला तर तो बंद करा, किंवा सरळ 5.3 वा त्यापुढचं कर्नल घ्या. टायमरची गरज नसेल तिथे त्याला वगळायला कर्नल तेव्हापासून शिकलं आहे.

प्रश्न : बूट होतं, पण 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'मार्किंग क्लॉकसोर्स टीएससी ॲज अनस्टेबल' असं येतं आणि मशीन जड वाटतं.

उत्तर : '/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स0/करंट_क्लॉकसोर्स' वाचा. तिथे 'एचपेट' किंवा 'एसीपीआय_पीएम' असेल तर जडपणाचं कारण सापडलं. टीएससी हा प्रोसेसरच्या पोटातला काउंटर, तो वाचणं अगदी स्वस्त; बाकीचे दोन वाचायला प्रोसेसरला चिपसेटपर्यंत जावं लागतं. सतत वेळ विचारणाऱ्या डेटाबेसला आणि गेमला तो फरक लगेच जाणवतो.

त्याच नोंदींत 'फर्मवेअर बग : टीएससी ॲडजस्ट' अशी ओळ शोधा. ती असेल तर फर्मवेअरने वेगवेगळ्या कोअरचे काउंटर वेगवेगळे लावलेत. बायोस अद्ययावत करा, ओव्हरक्लॉकिंग काढा. 'टीएससी=रिलायबल' लिहायची घाई करू नका. त्याने बिघाड जात नाही, फक्त त्यावर नजर ठेवणारा वॉचडॉग गप्प बसतो. काउंटर खरंच भरकटत असेल तर मग घड्याळ मागेपुढे उड्या मारतं आणि कळतही नाही.

प्रश्न : विंडोजमधून लिनक्समध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास पुढे असतं.

उत्तर : यात बिघाड काहीच नाही. विंडोज बोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिला यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, समजून वर 5:30 मिळवतं. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' ही कमांड भारतात चालून जाते. पण ब्रिटन-अमेरिकेतल्या वाचकांनी ती टाळावी; उन्हाळी वेळ बदलली की दोन्ही सिस्टिम घड्याळ हलवू पाहतात. त्यांनी विंडोजच्या रजिस्ट्रीत 'टाइमझोनइन्फॉर्मेशन'खाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' हे डीवर्ड 1 करावं.

तारीखच काही वर्षं मागे जात असेल तर मात्र सीआर2032 सेल बदला. नवा 3 व्होल्टच्या आसपास दाखवतो. सेल काढण्याआधी बायोसच्या पानांचे फोटो घ्या, विशेषतः साटा मोडचा (डिस्क कशा चालवायच्या ती निवड). सेल काढल्यावर तो एएचसीआयवरून रेडवर गेला, तर लिनक्सला रूट डिस्क सापडत नाही आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.