उकाड्यात डोळ्यापुढे धुकं : एमएसचा नवा झटका समजावा का?

प्रश्न : वय ३१. दिवाळीत उजव्या डोळ्याने एकाएकी धूसर दिसू लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. गावच्या डॉक्टरांनी पडदा ठीक आहे म्हटलं, पण एमआरआयमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) निघाला. सलाइनमधून तीन दिवस स्टिरॉइड दिलं, नजर बरीचशी आली. आता आंब्याच्या पेट्या भरताना दुपारी तोच डोळा धूसर होतो, अर्ध्या तासाने निवळतो. उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, त्या गोळ्या घेऊ नका. हा नवा झटका वाटत नाही.

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिनाडीत दहा लाखांवर तंतू असतात, त्यांवर मायलिनचं वेष्टण असतं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती हे वेष्टण खाते. सूज बहुतेकदा डोळ्याच्या गोलामागे, खोल नाडीत असते. म्हणून तीनपैकी दोघांचा पडदा तपासताना नाडीचं टोक ठीकच दिसतं. डॉक्टरांचं चुकलं असं मुळीच नाही. झटका ओसरला तरी वेष्टण विरळच राहतं. अंगाचं तापमान जरासं चढलं, की अशा तंतूतून संदेश पुढे सरकत नाही. श्रमाने नजर अशी तात्पुरती धूसर होते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं. यात नाडीला नवी इजा होत नाही, एवढं मनात पक्कं धरा.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे नुसता पंखा पुरत नाही. मानेवर गार पाण्यात पिळलेला पंचा ठेवा, बर्फाचं पाणी घोटघोट प्या, पेट्यांचं काम उन्हाआधी उरका. कढत पाण्याची आंघोळ टाळा. धूसर असताना स्कूटर चालवू नका. एका डोळ्याचा संदेश उशिरा पोचला की समोरच्या गाडीचं अंतर चुकतं.

आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच उजेडात कुंकवाचा करंडा एकेका डोळ्याने पाहा. उजव्याला लाल नेहमीपेक्षा विटकं दिसलं, गारव्यात बसूनही धूसरपणा २४ तासांवर टिकला किंवा डोळा फिरवताना दुखलं, तर लगेच न्यूरोलॉजिस्टना गाठा. ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर तेही सांगा. जंतुसंसर्गानेही जुनी लक्षणं वर येतात.

गोळ्यांबद्दल इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम या मात्रेने प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांमध्ये डोळ्याचा झटका पुन्हा येण्याचं प्रमाण वाढलं. सलाइनमधून रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिल्याने नजर लवकर आली. वर्षाअखेरची नजर मात्र औषध न घेतलेल्यांइतकीच होती.

पुढच्या भेटीत ओसीटी (प्रकाशाने पडद्याचे थर मोजणारी तपासणी) करून घ्या. पडद्यावरच्या तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात, तो अहवाल जपून ठेवा. वर्षभराने तुलनेला लागतो. अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी झाली का, हेही विचारा. ही प्रतिपिंडं असलेले आजार एमएससारखे दिसतात, पण एमएसची काही औषधं त्यांत अपाय करू शकतात. फिंगोलिमॉड ही एमएसची गोळी सुरू असेल, तर पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते. नजर ठीक वाटली तरी ती सुरू केल्यापासून ३–४ महिन्यांनी डोळे तपासून घ्या.