प्रामाणिकपणा मानतो, मग खोटं का बोलतो?

"प्रामाणिकपणाला मी सगळ्यात जास्त मानतो, आणि रोज एकदा तरी खोटं बोलतो. म्हणजे मी ढोंगीच ना?" चाळिशीतल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ढोंगी तो, जो मानत नसलेल्या गोष्टीचा देखावा करतो. यांना तर खोटं बोलल्यावर झोप लागत नव्हती. मूल्य खरं होतं, सद्गुण मुरलेला नव्हता. काय महत्त्वाचं वाटतं ते मूल्य. ते विचार करून ठरवता येतं. सद्गुण म्हणजे अंगवळणी पडलेली वृत्ती, ती कृतीतूनच येते. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो, जसा वाद्य वाजवत वाजवतच वादक.

त्यांना १४ दिवस वहीत नोंदी करायला सांगितल्या: खोटं कोणाशी बोललो, कशाबद्दल, त्याआधी शरीरात काय जाणवलं, खरं बोललो असतो तर काय गमावलं असतं. १७ नोंदी झाल्या. त्यातल्या १३ एकाच साच्यातल्या: वरिष्ठांनी "काम झालं का?" विचारलं, पोटात गोळा आला, तोंडून "होत आलंय" निघून गेलं. उणीव प्रामाणिकपणाची नव्हतीच, धैर्याची होती. बहुतेक जण इथेच फसतात. ज्या मूल्याचं नाव घेतात त्याचाच संकल्प पुन्हा पुन्हा करतात आणि मूळ भीतीला हातही लावत नाहीत. (दोन मूल्यांमध्ये ओढाताण असती, तर आधी प्राधान्य ठरवावं लागलं असतं. तो वेगळा मामला.)

सराव मुद्दाम छोटा ठेवला. एकच माणूस, एकच प्रश्न, तयार उत्तर: "नाही झालं. उद्या दुपारी देतो." बोलण्याआधी एक श्वास पूर्ण सोडायचा. तरीही खोटं निसटलंच, तर त्याच दिवशी जाऊन दुरुस्त करायचं: "मघाशी बोललो ते बरोबर नव्हतं." ही दुरुस्ती सगळ्यात जड जाते, पण खरा सराव तिच्यातच होतो.

तिसऱ्या आठवड्यात गाडी दुसऱ्या टोकाला गेली. न विचारता सहकाऱ्यांच्या चुका त्यांना तोंडावर ऐकवणं सुरू झालं. धैर्याची एक बाजू भित्रेपणा, तशी दुसरी आततायीपणा. मग कुंपण घातलं: खरेपणा फक्त स्वतःच्या कामाबद्दल, तोही कोणी विचारल्यावर.

आठव्या आठवड्यात तीन नोंदी. त्यातल्या दोन घरच्या फोनवरच्या, "कामात आहे" म्हणून टाळल्याच्या. तिथे भीती नाही, कंटाळा आहे. त्यामुळे श्वास आणि तयार वाक्य तिथे कामाचं नाही.