अर्धवट एमजीबी पूर्ण करावी की जपलेली विकत घ्यावी? वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांतली बरीचशी पत्रं एकाच गाडीबद्दल आहेत, एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. यात नवल नाही. 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त निघाल्या. सुटे भाग आजही मिळतात आणि 1798 सीसीचं इंजिन साध्या पान्यांनी उघडता येतं. ‘सोपी गाडी’ अशी ख्याती झाल्यामुळे लोक ती खोलतात, आणि मग मला पत्र लिहितात.

प्रश्न : 1971 ची रोडस्टर (कापडी छताची एमजीबी) सहा वर्षांपूर्वी खोलली. डाव्या बाजूचं वेल्डिंग झालंय, उजवी बाजू राहिलीय. इंजिन स्टँडवर आहे, बाकी सगळं खोक्यांत. आतापर्यंत साडेआठ हजार पौंड गेले. आता एकाच मालकाने जपलेली, चालू स्थितीतली तशीच गाडी विक्रीला आलीय. बायको म्हणते, ती घे. काय करू? (लेस्टर)

वहिनी बरोबर बोलताहेत.

साडेआठ हजार गेले, ते दोन्ही वाटांनी परत येत नाहीत. हिशेब आजपासूनचा मांडा. उजवी सिल (दाराखालची पत्र्याची पेटी), फरशीचा पत्रा, रंग, क्रोम, छत, सीट, वायरिंग आणि इंजिनचं काम. प्रत्येकाचा दर लेखी घ्या, मजुरीसकट. तुमच्या पत्रात सुट्या भागांची यादी आहे, पण वेल्डर आणि पेंटरच्या तासांचा त्यात उल्लेखच नाही, आणि खरा पैसा तिथेच जातो. कारागिरांकडून सगळं करून घेतलं तर साध्या एमजीबीवरचा खर्च तिच्या बाजारभावाच्या पुढे जातो, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

दुसरं म्हणजे, सहा वर्षांपूर्वी काढलेला कुठला ब्रॅकेट कुठल्या बोल्टने बसत होता हे आज तुम्हाला आठवणार नाही. खोक्यांवर चिठ्ठ्या आहेत का? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे नसाव्यात.

जपलेल्या गाडीत कारखान्यातले मूळ वेल्ड आणि दारांच्या मूळ फटी जागेवर असतात. पैसे देण्याआधी तपासता येईल अशी वस्तू समोर उभी असते. वेल्डिंग हाच तुमचा छंद असेल किंवा गाडी वडिलांची असेल तर गोष्ट वेगळी, मग खर्चाचं विचारूच नका. एरवी दुसरी गाडी एमजी कार क्लब किंवा एमजी ओनर्स क्लबमधल्या जाणकाराला दाखवा आणि त्यानंतरच व्यवहार करा.

प्रश्न : पेट्रोल पंपावरचं साधं ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) चालेल का? (स्लाव)

टाळा. सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल ई10 झालं, पण सुपर ग्रेडमध्ये ई5 मिळतं, तेच भरा. जुने रबरी पाइप मात्र बदलून घ्या.

प्रश्न : 1966 ची गाडी बघितली. चालता चालता पहिला गिअर टाकला की खरखर होते. गिअरबॉक्स गेला का? (रेडिंग)

नाही. 1967 च्या अखेरीपर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद जुळवणारी यंत्रणा) नव्हतंच. गाडी पूर्ण थांबवा, मग पहिला टाका.

प्रश्न : जाहिरातीत ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली’ असं लिहिलंय. ताजा रंग, खालून नवं काळं अंडरसील (गंजरोधक लेप), फोटो सुंदर. विक्रेता म्हणतो, तपासणीची गरज नाही, आणखी दोघे रांगेत आहेत. उद्या अनामत पाठवू का? (बर्मिंगहॅम)

एक पैसाही पाठवू नका. ते रांगेतले दोघे प्रत्येक जाहिरातीत असतात. त्यांनाच घेऊ द्या.

आता नीट ऐका, कारण हे मला दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस, आणि दाराखालच्या सिल हा तिचा कणा. रोडस्टरला वर पक्कं छप्पर नाही, त्यामुळे सगळा भार या सिलवरच येतो. सिल म्हणजे बाहेर दिसणारी एक पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पत्रा आणि खाली कंगोऱ्यांची पट्टी मिळून एक पेटी तयार होते. पुढच्या चाकामागे, मडगार्डच्या आत चिखल साठतो, तो ओला राहतो आणि गंज तिथून आत शिरतो.

बाहेरची सिल पुढच्या मडगार्डच्या आत जाते. ती नीट बदलायची तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं आणि मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो. हे महाग पडतं. म्हणून चलाखी अशी, की सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवायचा, कडेने वेल्ड मारायचा, वरून पुट्टी, रंग, आणि खाली जाड अंडरसील. आतली पेटी कुजतच राहते. फोटोत गाडी चकाचक दिसते. अंडरसील गंज थांबवायला लावलंय की झाकायला, हे फोटोवरून मलाही सांगता येणार नाही, तुम्हाला कुठून कळणार?

बघायला गेलात तर हे करा. पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक सिलच्या आणि मडगार्डच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. मग सिलखालच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून, विक्रेत्याच्या परवानगीने, एक बाजू उचला आणि दार उघडा. दार अडकलं किंवा त्याच्या मागची वरची फट मिटत आली, तर सांगाडा वाकतोय. हे पाहिल्यावर रंगाची चर्चा बंद करा आणि घरी या. जॅक लावू देत नसेल तरी घरी या.

काम खरंच झालं असेल तर वेल्डिंग चालू असतानाचे फोटो असतात, उघड्या पत्र्याचे, दाराच्या चौकटीला आडव्या पट्ट्या मारून सांगाडा आधार देऊन धरलेला. फक्त रंग झाल्यानंतरचे फोटो म्हणजे पुरावा नव्हे. सर्वात शेवटी, गाडी रॅम्पवर चढवून स्वतंत्र तपासनिसाकडून लेखी अहवाल घ्या. विक्रेत्याच्या ओळखीचा तपासनीस चालणार नाही. तपासणीचा खर्च वाचवून नवी बॉडी घ्यायची वेळ आली तर ती ब्रिटिश मोटर हेरिटेजकडे मिळते, पण किंमत पाच आकडी पौंडांत.

प्रश्न : रबरी बंपरची गाडी स्वस्त मिळतेय. क्रोम बंपर बसवून घ्यावी का? (मिल्टन कीन्स)

बंपर बदलून काम संपत नाही. 1974 च्या अखेरीस अमेरिकन नियमांसाठी रबरी बंपर आले, तेव्हा गाडीची उंचीही वाढवली. बदल करायचा तर सस्पेन्शन आणि पुढचं पत्राकामही आलं. निरोगी रबरी बंपरवाली गाडी सडक्या क्रोमवालीपेक्षा केव्हाही चांगली. ‘किंमत दुप्पट होईल’ हे ज्यांनी सांगितलं त्यांना दुप्पट पैशात विकत घ्यायला सांगा.

प्रश्न : 1978 ची जीटी (पक्क्या छपराची एमजीबी), फक्त नऊ हजार मैल चाललेली, पंधरा वर्षं कोरड्या गॅरेजमध्ये. घेऊन थेट घरी चालवत आणता येईल ना? एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची, तर गरज नाही. (लीड्स)

ट्रेलरवर आणा. कमी मैल म्हणजे चांगली स्थिती, असं नाही. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, सिलिंडर आतून गंजतात, रबरी नळ्या आतून फुगतात आणि दाबलेला ब्रेक सुटत नाही. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. टाकीत तळाला तपकिरी गाळ असतो. टायरच्या कडेला ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2000 च्या आधीच्या टायरवर तीनच आकडे असतात, असे टायर दिसले तर नक्षी कितीही खोल असो, काढून टाका. पुढच्या चाकांच्या किंगपिनला (चाक ज्यावर वळतं तो दांडा) ग्रीस कधी मारलं ते विचारा. ते दर तीन हजार मैलांनी मारायचं असतं आणि उभ्या गाडीला कुणी मारत नाही.

राहिली एमओटी. चाळीस वर्षांवरच्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला ती माफ आहे. गाडी रस्त्यालायक ठेवण्याची जबाबदारी माफ नाही. स्वखुशीने तपासणी करता येते, करून घ्या. जुन्या एमओटीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट दिसतात, मैलांचा दावा तिथे ताडून बघा.

प्रश्न : लॉगबुक विक्रेत्याच्या नावावर आहे, म्हणजे मालक तोच ना? (हॅरो)

नाही. लॉगबुकवर, म्हणजे व्ही5सी वर, ‘रजिस्टर्ड कीपर’चं, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याचं नाव असतं, तो मालकीचा पुरावा नाही. खरेदीची पावती मागा, कर्जाची चौकशी करा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

प्रश्न : दिवंगत काकांची 1952 ची एमजी टीडी (एमजीबीच्या आधीचं मॉडेल) पुण्यात आहे. एका मिस्त्रींनी ती खोलून ठेवलीय, दरवर्षी ‘दिवाळीपर्यंत होईल’ म्हणतात. पूर्ण करावी की विकावी? (पुणे)

कुठली दिवाळी, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

आधी भाग मोजून, फोटो काढून, मिस्त्रींच्या सहीने यादी करा. हे या महिन्यात करा. टीडीची बॉडी अ‍ॅश लाकडाच्या चौकटीवर असते. आपल्या पावसाळ्यात उघडी राहिली असेल तर सुतारही लागेल, नुसता डेंटर पुरणार नाही. इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची, ही त्या कारखान्याची जुनी खोड. हे माहीत नसलेला माणूस चुकीच्या पान्याने डोकी गोल करतो आणि जबरदस्तीने दुसऱ्या आट्यांचे बोल्ट ठोकून ब्लॉकचे आटे घालवतो. तुमच्या मिस्त्रींकडे व्हिटवर्थ पाने आहेत का, एवढं विचारा. उत्तरावरून पुढचं कळेल.

कागदांचं वेगळं. आरसी काकांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ (व्हिंटेज) नोंदणीची वेगळी सोय आहे, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण ती घेतल्यावर गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभालीसाठीच बाहेर काढायची. आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे मिस्त्रींनी ‘स्वस्तात’ म्हणून दुसरं इंजिन सुचवलं तर हो म्हणू नका. तुमच्या गाडीला नेमकं काय लागू होतं ते आरटीओत जाऊन विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. विकायची की ठेवायची हे यादी आणि आरसी हातात आल्यावर ठरवा.

प्रश्न : इथे घेतलेली एमजीबी निवृत्तीनंतर नाशिकला नेता येईल का? (क्रॉयडन)

आयातीचे नियम आणि जकात बदलत राहतात. गाडी घेण्याआधी मुंबईच्या कस्टम्स एजंटकडून लेखी उत्तर मिळवा. ‘ओळखीने होतं’ म्हणणाऱ्याला टाळा.

प्रश्न : अर्धवट गाडी भाग सुटे करून विकली तर जास्त पैसे येतात म्हणे? (लेस्टर, वरीलच वाचक)

येतात, पण चांगले भाग पहिल्या महिन्यात जातात आणि सडका सांगाडा तुमच्या अंगणात राहतो. एकत्र विका, वेल्डिंगच्या पावत्या आणि फोटो सोबत द्या, आणि काय बाकी आहे ते जाहिरातीत खरं लिहा. त्याआधी शनिवार-रविवार बसून खोक्यांवर चिठ्ठ्या लावा.