अळीला 'सवय' झाली, की अळीचा वाण बदलला?

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातून एका शिक्षकांनी कापसावरच्या बोंडअळीविषयी विचारले आहे: "आमच्याकडे सगळे म्हणतात, 'बोंडअळीला आता बीटीची सवय झाली.' मुलांनी शाळेच्या भित्तिपत्रकात हेच वाक्य लिहिले. मी ते खोडून 'अळीमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण झाली' असे केले. ही दुरुस्ती योग्य आहे का?"

गुरुजी, दुरुस्तीने वाक्य पुस्तकी झाले, पण मूळ चूक जागेवरच राहिली, असे मला वाटते.

'सवय' हा शब्द एकट्या जिवाचा आणि त्याच्या हयातीचा आहे. बैलाला जुवाची सवय होते, माणसाला कडू काढ्याची होते. सवय लागते तशी ती मोडतेही, आणि बापाला लागलेली सवय लेकराला जन्मतः मिळत नाही. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या आपल्या म्हणीत हा भेद फार नेमका सांगितला आहे. म्हणीतला वाण म्हणजे रंग. तो शेजारी बांधल्याने बदलत नाही, कारण तो आई-बापांकडून येतो; गुण मात्र सहवासाने लागतो. सवय ही या 'गुणा'च्या बाजूची गोष्ट आहे, आणि बोंडअळीत जे घडले ते सगळे 'वाणा'च्या बाजूचे आहे.

कसे ते पाहू. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होते; ते अळीच्या आतड्यात ठरावीक जागी चिकटते, आतडे फाटते आणि अळी मरते. अशा अळीला सवय व्हायला सवडच नाही. ज्या थोड्या अळ्यांत ती चिकटण्याची जागा जन्मतःच निराळी होती, त्यांच्यावर प्रथिनाची पकड बसली नाही. त्या उरल्या, त्यांचे पतंग झाले, त्यांचीच जोडी जमली आणि अंडीही त्यांचीच पडली. देशात एका जनुकाच्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला, आणि २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने राज्यभर बोंडे पोखरली. या काळात एकही अळी 'शिकली' नाही. दाद न देणाऱ्या अळ्यांचे प्रमाण तेवढे पिढ्यांमागून पिढ्या वाढत गेले.

यालाच 'नैसर्गिक निवड' म्हणतात. या 'निवड' शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मराठीत तो दोन अंगांनी चालतो. बियाण्यासाठी टपोरी कणसे आपण वेगळी काढतो, तेव्हा हात चांगल्यावर असतो. बाई सुपात ज्वारी घेऊन निवडायला बसते, तेव्हा हात खड्यांवर असतो. ज्वारीला ती बोटही लावत नाही, खडे तेवढे उचलून टाकते, तरी आपण म्हणतो 'ज्वारी निवडली'. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात पहिली निवड आधी मांडली, म्हणजे पाळीव जनावरे आणि कबुतरे पैदा करणाऱ्यांची, आणि तिच्यावरून निसर्गातली समजावली. त्यामुळे निसर्गातही कोणी जाणून चांगले वेचत बसले आहे, असा भास पुष्कळांना होतो. मराठी वाचकाला मात्र सुपाची उपमा हाताशी आहे. बीटीने कोणतीही अळी पसंत केली नाही. त्याने एका प्रकारच्या अळ्या काढून टाकल्या, आणि जे सुपात उरले ते 'निवडले' गेले.

शब्दाची ही चूक निरुपद्रवी नाही. 'सवय' म्हटले की उपाय म्हणून मात्रा वाढवणे सुचते. जोडीचा विचार मनात येतच नाही, आणि खरी किल्ली तिथेच होती. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची वेगळी पुडी मिळत असे, आणि ते बी कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे पेरायचे होते. पुष्कळांनी ती पुडी बांधावर टाकून दिली. मुद्दाम अळीला खाऊ घालायचे हे पटण्यासारखे कोणी सांगितलेच नव्हते. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जोडी जमवावी, असा हेतू होता. दाद न देण्याचा हा गुणधर्म सहसा आई आणि बाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो. एकाकडूनच आला तर संतती बीटी खाऊन मरते. साधे पतंग नसले की वाचलेल्यांची जोडी वाचलेल्यांशीच जमते. वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कापसाचे पीक, ठेवली की त्यांना आणखी पिढ्या काढायला खाद्य मिळते.

एक सावधगिरी मात्र हवी. फवारणी फसली म्हणजे दर वेळी वाणच बदललेला असतो, असे नाही. डोमकळी, म्हणजे अळी लागल्याने नीट न उमललेले कापसाचे फूल, उघडून पाहिली आहे का? पाकळ्या धाग्यांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि अळी आत दडलेली असते. पुढे कोवळ्या बोंडात शिरल्यावर तिचे छिद्रही बुजून जाते. अशा अळीपर्यंत फवारा पोहोचतच नाही. तिच्याबद्दल 'औषध लागले नाही' म्हणणेच बरोबर.

आता 'प्रतिकारशक्ती'. हा शब्द आपण ताप, लस, आहार यांच्या संदर्भात वापरतो. ती एकाच शरीरात वाढते आणि घटते. 'अळीमध्ये निर्माण झाली' म्हटले की पुन्हा एकच अळी डोळ्यांसमोर येते, आणि तिने विषाला उत्तर म्हणून काही घडवले, असा अर्थ निघतो. 'प्रतिरोध' शास्त्रीय लेखनात चालेल, पण त्याचेही क्रियापद 'निर्माण होणे' नसावे, 'वाढणे' किंवा 'पसरणे' असावे. शिवाय तो अळीला न जोडता अळ्यांच्या समुदायाला जोडावा. या समुदायासाठी परिभाषेत 'समष्टी' येते. मला 'प्रजा' अधिक जवळचा वाटतो. 'प्रजनन' आणि 'प्रजा' एकाच धातूचे आहेत, आणि जन्माला आलेले सगळे असा त्याचा मूळ अर्थ इथे तंतोतंत बसतो.

तेव्हा भित्तिपत्रकात असे लिहावे: 'बीटीला दाद न देणाऱ्या थोड्या अळ्या आधीपासून होत्या, बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची प्रजा यांचीच झाली.' वाक्य लांब आहे. जागा कमी असेल तर 'बोंडअळीचा वाण बदलला' एवढेही पुरे, फक्त मुलांना शेजारी ढवळ्या-पवळ्याची म्हण लिहायला सांगा.